स्कुबाला उतरण्याआधी हवा दाबून बघा

मालवणात मी पर्यटकांना पाण्याखाली नेतो. होडीत बसवण्याआधी प्रत्येकाच्या हातात सुई नसलेली 20 मिलीची सिरिंज देतो. मेडिकलमध्ये सहज मिळते, घरूनच करून आलात तर उत्तम.

दट्ट्या 20 च्या खुणेपर्यंत ओढा, तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दाबा. जोर लावला तर 10 पर्यंत जातो, सोडला की मागे येतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरा, एकही बुडबुडा ठेवू नका आणि पुन्हा दाबा. दट्ट्या हलत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना खेटून असतात. हवेच्या रेणूंमध्ये मोकळी जागाच जास्त, म्हणून ते जवळ आणता येतात. जागा निम्मी झाली की ते भिंतीवर दुप्पट वेळा आदळतात आणि दाब दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये हा नियम मांडला.

पाठीवरच्या टाकीत साधारण 11 लिटर जागा असते. कॉम्प्रेसर तिच्यात 200 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे 200 पट दाबापर्यंत, हवा भरतो, म्हणजे बाहेरची सुमारे 2200 लिटर! भरताना टाकी तापते आणि निवली की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येतो. तेव्हा टाकी निवल्यावरच गेज वाचायचा. आपल्याकडची हवा दमट. दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, ते सारखं काढावं लागतं. हवा ओढणारा पाइप इंजिनच्या धुरापासून लांब आहे ना, हे कुठेही गेलात तरी बिनदिक्कत विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो. 5 मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दीडपट व्हायला बघते. श्वास रोखलात तर तिला वाट नाही, फुफ्फुस फाटू शकतं. आणि घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासापुरती देणारं यंत्र, तोंडात धरून श्वास घेणं-सोडणं अंगवळणी पडल्याशिवाय मी कुणाला खोल नेत नाही. वाईच उशीर झाला तरी चालेल.

खाली जाताना उलट होतं. कानाच्या पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. दुखायची वाट न बघता नाक चिमटीत धरून हळूच फुंका, जरा खाली गेलात की पुन्हा. सर्दीने नाक चोंदलं असेल तर फुंकलेली हवा तिथवर पोचत नाही. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघा, पाण्यात सर्दी गेल्यावर या.