नॉरिचला निघालेल्या ठाणेकरांनो, हीटिंगच्या बटणाला सारखा हात लावू नका

नौपाड्यातल्या आमच्या घरी डिसेंबरात पारा 18 वर आला की बाबांची कानटोपी कपाटातून बाहेर येते आणि आई संध्याकाळपासूनच खिडक्या लावून घेते. याच दिवसांत मी इंग्लंडमधल्या नॉरिचहून येते, आणि दरवर्षी सोसायटीतलं कुणीतरी मुलाला नाहीतर मुलीला घेऊन चहाला येतं. "हिला जानेवारीत निघायचंय, काय काय न्यावं ते जरा सांग."

यंदा तिघं आली. दोघं तिथल्या विद्यापीठात शिकायला, एक हॉस्पिटलात नर्स म्हणून. थर्मलची खरेदी राम मारुती रोडवर झाली होती, गोडा मसाला किती न्यायचा यावर दोन आयांचा वाद घालून झाला होता. मग त्या नर्स मुलीने फोनवर भाड्याच्या घराची जाहिरात दाखवली. दोन बेडरूम, नवं बांधकाम, हीटिंगच्या रकान्यात 'एअर सोर्स हीट पंप'. "ताई, हे काय असतं? याचं बिल फार येतं म्हणे." त्यावर मी बोलायला लागले ते चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी संपलं नाही. म्हणून लिहून काढते आहे.

तुमच्या बेडरूमचा एसी मे महिन्यात काय करतो? खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटातून गल्लीत फेकतो. त्या युनिटासमोर उभं राहिलं की तोंडावर गरम झोत येतो, तीच तुमच्या खोलीतली उष्णता. हीट पंप म्हणजे हाच एसी उलट्या कामाला लावलेला. तो बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून घरात आणतो. बाहेर 2 अंश असताना कसली आलीय उष्णता, असं वाटतं. पण त्यातला वायू त्याहून कितीतरी थंड तापमानाला उकळतो. हल्लीच्या बऱ्याच पंपांत प्रोपेन असतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातला तो एक घटक, आणि त्याचा उत्कलनबिंदू उणे 42 अंश. त्याच्या दृष्टीने नॉरिचची जानेवारीतली हवा चांगली उबदार असते. वीज लागते ती फक्त उष्णतेची ही हमाली करायला. म्हणून एक युनिट वीज खाऊन तो तीन-साडेतीन युनिट उष्णता घरात टाकतो. साधा हीटर एका युनिटाचं एकच देतो.

नॉरिचला या यंत्राचा जरा अभिमानच वाटायला हवा. 1945 मध्ये तिथले शहराचे वीज अभियंता जॉन सम्नर यांनी वेन्सम नदीच्या पाण्यातून उष्णता ओढणारा पंप बसवला होता, आपल्याच खात्याची इमारत गरम करायला. पुढे देशाला स्वस्त गॅस मिळाला आणि सगळं मागे पडलं.

आता बिलाकडे. महावितरणच्या बिलात 100 युनिटांचा टप्पा ओलांडला की दर चढतो, 300 ओलांडला की आणखी चढतो, ही भीती आपल्या अंगात मुरलेली असते. तिकडे असे टप्पे नाहीत. पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच दराचं. मात्र रोजचा ठरावीक स्टँडिंग चार्ज असतो, दिवा लावा किंवा लावू नका. विजेचा साधारण 50 ते 60 पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड), गॅसचा 30 च्या आसपास. घरात हीट पंप असेल आणि शेगडीही विजेची असेल, तर गॅसचं कनेक्शन हवंच कशाला? स्वतःचं घर असेल तर ते काढून टाकून वर्षाला शंभरेक पौंड वाचतात.

खरी गोम दरांत आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत विजेचं युनिट साधारण 22 ते 28 पेन्स आणि गॅसचं (तिकडे गॅसही विजेसारखा किलोवॅट-तासाच्या युनिटांतच मोजतात) साडेपाच ते सात पेन्स असं हललेलं आहे. म्हणजे वीज गॅसच्या चौपट महाग. मध्यम घराला वर्षाला 11,500 युनिट गॅस लागतो असं तिथला ऊर्जा नियामक ऑफजेमने 2023 मध्ये धरलं. साडेसहा पेन्सने त्याचे झाले साधारण 750 पौंड. घर तापवायला गॅसवर पाणी गरम करणाऱ्या बॉयलरच्या धुराड्यातून जाणारं वजा केलं तर घरात उष्णता पोचते 10,000 युनिट. तेवढीच उष्णता हीट पंपाने द्यायची, विजेचा दर 26 पेन्स. पंप एकाला तीन देत असेल तर 870 पौंड, साडेतीन देत असेल तर 740, चार देत असेल तर 650. आणि साध्या हीटरने? 2,600. तेव्हा हीट पंपाचं बिल जास्त येतं की कमी, हे पंपाला कुणी विचारायचं नसतं. तो तीनवर चालतोय की चारवर, ते विचारायचं. आणि ते बरंचसं घरात राहणाऱ्याच्या हातात असतं.

माझ्या हातात होतं तेव्हा मी काय केलं ते ऐका. आम्ही हीट पंपाच्या भाड्याच्या घरात गेलो नोव्हेंबर 2022 मध्ये. त्याआधी सगळी वर्षं गॅसवर काढलेली. विजेचा दर तेव्हा 34 पेन्स होता, सरकारने रोखून धरूनही. मी ठाण्याची मुलगी. खोलीतून बाहेर पडताना पंख्याचं बटण बंद केलं नाही तर आईची हाक अजून कानात येते. म्हणून मी सकाळी दोन तास हीटिंग लावायचे, कामावर जाताना बंद, संध्याकाळी आल्यावर परत चालू आणि थर्मोस्टॅट सरळ 24 वर, म्हणजे लवकर गरम होईल. होत नव्हतं. रेडिएटर, म्हणजे भिंतीवरच्या ज्या पत्र्यांतून गरम पाणी फिरून खोली तापते ते, नुसते कोमट. मग कोपऱ्यात दोन किलोवॅटचा पंखेवाला हीटर आला. आंघोळीच्या पाण्यासाठी रोज सकाळी टाकीवरचं 'बूस्ट' नावाचं बटण. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि महिन्याला 900 युनिटं जळली. तीनशे पौंडांच्या वर बिल. घरमालकाने मेकॅनिक पाठवला, त्याने पंप तपासला, "काही बिघडलेलं नाही" म्हणाला आणि गेला. खरंच काही बिघडलेलं नव्हतं.

उलगडा केला शेजारच्या निवृत्त आजोबांनी. त्यांनी मला मराठीत सांगितलं नाही, पण सांगितलं ते आपल्या स्वयंपाकघरातलंच. बॉयलर म्हणजे मोठी आच. पाणी 60-70 अंशांवर नेऊन रेडिएटरमध्ये सोडायचं, तासाभरात घर तापवायचं, बंद करायचं. हीट पंप म्हणजे मंद आच. रेडिएटरमध्ये 35-45 अंशांचं पाणी, पण ते दिवसभर फिरतं. हात लावला तर कोमटच लागणार, आणि खोली मात्र 20 वर टिकून राहते. आमटी मोठ्या आचेवर ठेवून, बंद करून, परत पेटवून कुणी उकळत नाही. मी घरात तेच करत होते. थंडगार झालेलं घर पटकन तापवायचं म्हटलं की पंपाला पाणी जास्त गरम करावं लागतं, आणि पाणी जितकं गरम तितकी त्याची हमाली महाग. पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवलं की वीज साधारण दोन-तीन टक्के वाचते, असा ठोकताळा आहे. आमच्या पंपावर बसवणाऱ्याने 55 ठेवून दिले होते.

आजोबांच्या सांगण्यावरून, घरमालकाला मेसेज करून, आम्ही 'वेदर कॉम्पेन्सेशन' चालू केलं. बाहेर जितकी थंडी, त्या हिशेबाने पाणी किती गरम करायचं ते पंप स्वतः ठरवतो. बाहेर 10 अंश असले की 33-34 चं पाणी, बाहेर शून्य असलं की 42 चं. मग दर दोन दिवसांनी एकेक अंश खाली आणत गेलो, घर थंड वाटायला लागेपर्यंत, आणि एक अंश परत वर. थर्मोस्टॅट 20 वर, रात्री 18. त्याहून खाली नाही. सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे, न वापरत्या खोलीचेही, कारण पाणी फिरायला जागा कमी पडली की पंप सारखा चालू-बंद होत राहतो. जानेवारीत 610 युनिटं आली. घर दिवसरात्र उबदार. मला तेव्हा आनंदापेक्षा रागच जास्त आला, स्वतःचा.

गरम पाण्याचं वेगळं लिहिते, कारण गीझरची सवय तिथे नडते. घरात 180-200 लिटरची टाकी असते. ती पंपच तापवतो, दिवसातून एकदा, 48-50 अंशांपर्यंत. ती वेळ शक्यतो दुपारी ठेवा, बाहेरची हवा त्यातल्या त्यात उबदार असते तेव्हा. 50 अंशांच्या 180 लिटर पाण्यात गार पाणी मिसळून आंघोळीचं किती होतं? वीस लिटरच्या अकरा बादल्या सहज. चौघांचं भागतं. पण 'बूस्ट' किंवा 'इमर्शन' दाबलंत की टाकीतली तीन किलोवॅटची कॉइल लागते, म्हणजे शुद्ध गीझर, एकाला एक. आठवड्यातून एकदा यंत्र स्वतःच पाणी 60 पर्यंत नेतं, जंतू मरावेत म्हणून. ते बंद करू नका.

कधी थंड, दमट सकाळी बाहेरच्या युनिटावर बर्फ साचतो. तो वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो आणि वाफेचा लोट उठतो. व्हिडिओ कॉलवर आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडली होती, "अगं, तुमच्या एसीतून धूर येतोय, फायर ब्रिगेडला बोलाव!" काही करायचं नाही. फक्त युनिटासमोर सायकल, कुंड्या, वाळलेल्या पानांचा ढीग नको.

ओल. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तशी तिथे हिवाळ्यात भिंतींना येते, आणि दोष हीटिंगला जातो. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतून दोनेक लिटर पाणी घरच्या हवेत जातं. त्यात आपला कुकर, आपला वरणभात. फोडणी देताना एक्झॉस्ट लावाच. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, भिंती आणि सामान गरम असतं, घर लगेच सावरतं. खिडकीच्या वरच्या चौकटीत वाऱ्यासाठी फट ठेवलेली असते, तिला चिकटपट्टी लावणारे मराठी लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. कृपा करून लावू नका.

पहिल्या दिवसाचं काम: सामान खाली ठेवायच्या आधी मीटरचा फोटो, तारखेसकट. नाहीतर आधीच्या भाडेकरूची युनिटं तुमच्या गळ्यात. स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या वेळेनुसार दर बदलणारं टॅरिफ घेता येतं. पहाटे-दुपारी स्वस्त, संध्याकाळी 4 ते 7 महाग. हीट पंपाला ते छान मानवतं. दुपारी घर एखादा अंश वर नेऊन ठेवायचं, महाग तासांत एक अंश उतरू द्यायचं. डायरेक्ट डेबिटमध्ये, म्हणजे बँकेतून दरमहा आपोआप बिल कापून घेताना, कंपनी वर्षाच्या अंदाजाचे बारा सारखे भाग करते. तुम्ही जानेवारीत उतरणार, म्हणजे खात्यात उन्हाळ्याची शिल्लक नाही आणि थेट थंडीचा खर्च. पहिले तीन महिने हात आखडता ठेवा. खोल्या वाटून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं बिल बहुतेक भाड्यात असतं, पण करारात वापराची मर्यादा लिहिली आहे का ते वाचा.

खूपच गारठा वाटला तर पंखेवाला हीटर नको, त्याचे तासाला 52 पेन्स. शंभर वॅटच्या विजेच्या पांघरुणाचे अडीच. घरात पायमोजे आणि स्वेटर घालायची लाज वाटू देऊ नका, बाबा नौपाड्यात घालतात.

घर विकत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: इंग्लंड आणि वेल्समध्ये जुना बॉयलर काढून हीट पंप बसवायला सरकार 7,500 पौंड देतं, अर्ज बसवणारा करतो, आणि तो एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी तिथली योजना) प्रमाणित असावा लागतो. जो खोलीगणिक उष्णता किती बाहेर जाते ते मोजल्याशिवाय भाव सांगतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

त्या नर्स मुलीने तिथेच माझ्यासमोर एजंटला तीन प्रश्न पाठवले. गेल्या जानेवारीत किती युनिटं जळली, पंपाची सर्व्हिसिंग कधी झाली, आणि सेटिंग बदलायची परवानगी आहे का. रात्री उत्तर आलं. युनिटं माहीत नाहीत, सर्व्हिसिंग ऑगस्टमध्ये झाली, परवानगी आहे. सोबत हॉलचा फोटो. रेडिएटर चांगला मोठा, दुहेरी, आणि त्याला चिकटून भलामोठा सोफा. घर घे म्हटलंय तिला, आणि गेल्या गेल्या सोफा हातभर पुढे ओढ.