ओट्यावरची जड कपाटे टांगताना या चुका टाळा

स्वयंपाकघराचे फर्निचर ठरवताना सनमायकाचा रंग, शटरची मुठी आणि ड्रॉवरचे चॅनेल यांवर तासन्‌तास चर्चा होते. पण ओट्यावरचे कपाट भिंतीला नेमके कशाने धरून ठेवायचे, हा निर्णय बहुतेक वेळा सुताराच्या पेटीत त्या दिवशी जे स्क्रू आणि ज्या गिट्ट्या (भिंतीतल्या छिद्रात बसवून स्क्रू पकडणारे प्लग) शिल्लक असतील त्यांवर सोडला जातो. कपाट सैल पडण्याच्या तक्रारींत दोष क्वचितच प्लायवुडचा असतो. तो बहुधा भिंत न ओळखता निवडलेल्या गिट्टीचा आणि लांबी न मोजता घेतलेल्या स्क्रूचा असतो.

वजनाचा अंदाज रिकाम्या कपाटावरून करणे

तीन फूट रुंद, सव्वादोन फूट उंच आणि एक फूट खोल असे 18 मिमी प्लायवुडचे कपाट रिकामे असताना शटरसह साधारण 25 किलो भरते. खानदेशातल्या घरात मात्र ते रिकामे राहत नाही. वर्षाची तूरडाळ, उडीद, कळण्यासाठीची ज्वारी, स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि आजीच्या वेळची पितळी भांडी त्यात गेली, की हाच आकडा 65 ते 70 किलोवर सहज पोहोचतो. (बिबड्यांचे डबे दिसायला मोठे असले तरी हलके असतात, ते खुशाल वरच्या फळीवर ठेवावेत.)

एकूण वजनाइतकेच महत्त्व कपाटाच्या खोलीला आणि उंचीला आहे, आणि नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो. भरलेले कपाट भिंतीवरून केवळ खाली सरकू पाहत नाही, तर खालच्या कडेवर टेकून वरून पुढे कलंडू पाहते. वर सांगितलेल्या कपाटात 70 किलो वजनाचा भार भिंतीपासून सरासरी 15 सेंटिमीटरवर आणि वरचे स्क्रू तळापासून 65 सेंटिमीटरवर धरले, तर वरच्या सर्व स्क्रूंवर मिळून भिंतीतून उपटणारी ओढ सुमारे 16 किलोची येते. आता खाली आरसीसीचा माळा नसताना छताजवळ टांगलेले, 60 सेंटिमीटर खोल आणि 45 सेंटिमीटर उंच असे कपाट घ्या. त्यात लग्नकार्याची पातेली धरून 100 किलो भार असेल आणि स्क्रू तळापासून 40 सेंटिमीटरवर असतील, तर तीच ओढ 75 किलोंपर्यंत जाते. वजन दीडपटही वाढलेले नाही, ओढ मात्र साडेचारपटींहून अधिक वाढली. म्हणूनच छताजवळची खोल कपाटे केवळ गिट्ट्यांच्या भरवशावर टांगू नयेत. त्यांना खालून लोखंडी अँगलचा आधार द्यावा.

भिंत न ओळखता गिट्टी विकत घेणे

आपल्याकडे एकाच गल्लीत चार प्रकारच्या भिंती सापडतात, आणि कधीकधी त्या एकाच घरात सापडतात: मूळ घर पांढऱ्या मातीचे, मागची खोली लाल विटांची आणि वरचा मजला हलक्या ब्लॉकचा. गिलावा आणि रंग झाल्यावर सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. त्यामुळे कपाटामागे झाकली जाणारी जागा निवडून आधी ड्रिलच्या 6 मिमी बिटने एक चाचणी छिद्र पाडावे आणि बाहेर येणारी भुकटी पाहावी. गिलाव्याची राखाडी भुकटी संपल्यावर लाल भुकटी येऊ लागली तर भाजलेली वीट आहे. राखाडीच राहिली आणि बिट जड जाऊ लागले, तर आरसीसी किंवा राखेची वीट समजावी. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे भुसावळ-जळगाव पट्ट्यात राखेच्या विटा भरपूर वापरल्या जातात. पांढुरकी, पिठासारखी भुकटी आणि लोण्यासारखे आत जाणारे बिट म्हणजे एएसी ब्लॉक, अर्थात हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. मातकट, ओलसर ढेपा पडू लागल्या तर काम तिथेच थांबवावे. त्याचा विचार पुढे केला आहे.

भरीव लाल विटेला किंवा राखेच्या विटेला चांगल्या प्रतीची नायलॉनची 10 मिमी गिट्टी योग्य ठरते. या प्रकारची पसरणारी गिट्टी जर्मनीचे आर्थर फिशर यांनी 1958 साली तयार केली, म्हणून कित्येक दुकानांत तिला आजही ‘फिशर’ म्हणूनच मागतात. मात्र त्या नावाखाली जे मिळते ते दर वेळी नायलॉन असतेच असे नाही. नखाने दाबली असता खूण उमटणारी, पातळ कडांची स्वस्त प्लास्टिकची गिट्टी घड्याळाला किंवा फोटोला चालेल. पण सततच्या भाराखाली असे प्लास्टिक हळूहळू ताणले जाते आणि उष्णतेत ते लवकर ताणले जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी हात ठेवू न देण्याइतकी तापते, हे जळगावकरांना सांगायला नको.

लोखंडी अँकर फास्टनर अधिक मजबूत म्हणून सर्वत्र तोच वापरावा, ही समजूतही चुकीची आहे. तो काँक्रीटसाठी असतो. विटेत घट्ट आवळला की त्याच्या फुगण्याने वीट आतून तडकते. कामाच्या दिवशी पकड उत्तम वाटते आणि भार पडल्यावर विटेच्या तुकड्यासह फास्टनर बाहेर येतो. साधारण सात फुटांवर भिंतभर लिंटेलची, म्हणजे दार-खिडक्यांवरून जाणारी काँक्रीटची पट्टी असेल तर कपाटाचे वरचे स्क्रू तिच्यात येऊ शकतात, आणि तिथे हाच फास्टनर योग्य आहे. छिद्र पाडताना इंचभर आत गज लागला तर तो कापत बसू नये. छिद्र बाजूला सरकवावे.

एएसी ब्लॉक हलका आणि मऊ असल्याने साधी गिट्टी त्याला चुरडते. त्यासाठी पिळदार धारेची खास गिट्टी किंवा केमिकल अँकर (छिद्रात भरल्यावर घट्ट होऊन बोल्ट धरणारे रसायन) वापरावा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून केवळ फिरत्या बिटने छिद्र पाडावे आणि भार दोन-चार बिंदूंवर न ठेवता भिंतीवर आडवी लोखंडी पट्टी बसवून तिच्यावर कपाटे अडकवावीत. पोकळ ब्लॉक असेल तर केमिकल अँकर जाळीच्या नळीसह वापरावा, अन्यथा रसायन पोकळीत वाहून जाते.

राहिली जुन्या धाब्याच्या घरांची मातीची भिंत. दीड-दोन फूट जाड असल्याने ती भक्कम वाटते आणि घराचा भार ती खरोखरच पेलते, पण स्क्रू धरण्याची ताकद तिच्यात नसते. वरून सिमेंटचा गिलावा केलेला असला तरी तो केवळ कवच असतो. अशा भिंतीवर कोणतीही गिट्टी वापरून जड कपाट टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकोनी लोखंडी पाइपची, जमिनीवर उभी राहणारी चौकट करून कपाटांचा भार तिच्यावर द्यावा आणि भिंतीचा उपयोग चौकट डुलू नये एवढ्यापुरताच करावा. भिंतीत लाकडी खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू पिळण्याची जुनी पद्धत तर टाळावीच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, खुंटी सैल होते आणि उरलेले काम वाळवी करते.

दोन इंची स्क्रू पुरेसा मानणे

दोन इंची, म्हणजे 50 मिमी स्क्रूपैकी 18 मिमी प्लायवुडमध्ये आणि सुमारे 15 मिमी गिलाव्यात जातो. विटेत उरतो जेमतेम 17 मिमी. गिलावा भार धरत नाही, म्हणून त्याची जाडी धरण्याच्या लांबीत कधीही मोजू नये. गिट्टी पूर्णपणे विटेत बसली पाहिजे आणि स्क्रूचे टोक तिच्या पलीकडे थोडे निघाले पाहिजे. त्यामुळे 10 मिमी जाडीच्या, 50 मिमी लांबीच्या गिट्टीसाठी 18, 15, 50 आणि टोकाचे सुमारे 7 मिलिमीटर असे धरून किमान 90 मिमी स्क्रू लागतो. मध्ये टाइल असेल किंवा ओळंबा साधण्यासाठी गिलावा जाड केलेला असेल तर त्याहून लांब लागतो. स्क्रूची जाडीही गिट्टीला जुळणारी हवी: 10 मिमी गिट्टीला 6 ते 8 मिमी, 8 मिमी गिट्टीला 4.5 ते 6 मिमी. बारीक स्क्रू घातला तर गिट्टी फुगतच नाही. साडेचार इंची भिंतीला मात्र इतके खोल छिद्र पाडताना पलीकडचा गिलावा फुटतो; तिथे आरपार बोल्ट टाकून मागे रुंद वॉशर लावणे अधिक बरे.

जिप्सम बोर्डसाठीचे काळे स्क्रू स्वस्त आणि पटकन आत जाणारे असल्याने कारागिरांचे लाडके असतात. ते कडक पण ठिसूळ असतात, न वाकता एकदम तुटतात, आणि ओट्याजवळच्या वाफेने गंजतात. कपाटासाठी जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे जाड स्क्रूच घ्यावेत.

स्क्रू कपाटाच्या 6 मिमी पाठीतून सरळ भिंतीत मारणे हीदेखील नेहमीची चूक आहे. भिंतीतली पकड कितीही चांगली असली तरी पातळ पाठ स्क्रूच्या डोक्याभोवती फाटते. पाठीला वर आणि खाली 18 मिमीची आडवी पट्टी हवी, ती बाजूच्या फळ्यांना पक्की जोडलेली हवी, आणि स्क्रूखाली वॉशर हवा.

छिद्र पाडतानाची घाई

बिट हातात डुलले की 10 मिमीचे छिद्र 12 मिमीचे होते. दोन विटांमधल्या दरजेत छिद्र आले तर गिट्टी वाळू-सिमेंटच्या भुसभुशीत थरात बसते. छिद्र गिट्टीपेक्षा 10 मिमी अधिक खोल पाडावे आणि आतली भुकटी फुंकणीने काढावी. स्विचबोर्डच्या सरळ वर व नळाच्या सरळ रेषेत छिद्र पाडू नये, कारण वायरची पाइप आणि पाण्याची लाइन बहुधा तिथूनच गेलेली असते.

कपाट सैल झाल्यास

पहिली खूण भिंतीवर नव्हे, शटरवर दिसते: काल सरळ लागणारी दोन दारे एकमेकांच्या खालीवर दिसू लागतात. त्यानंतर कपाटाच्या वरच्या कडेमागे फट पडते. बिजागरी आवळून हा दोष झाकू नये. आधी कपाट पूर्ण रिकामे करावे, खालून लाकडी टेकू द्यावा आणि मगच स्क्रू तपासावा. स्क्रू फिरत राहतो पण आवळत नाही, तर गिट्टी छिद्रात फिरत आहे. काडेपेटीच्या काड्या कोंबून ती पुन्हा पकडत नाही. शक्य असेल तर चार-पाच इंच बाजूला, विटेच्या मध्यावर नवे छिद्र घ्यावे. गिट्टीसोबत विटेचा तुकडाच निघाला असेल आणि जागा बदलणे शक्य नसेल, तर छिद्र झाडून, फुंकून स्वच्छ करून केमिकल अँकर भरावा. हे रसायन चाळीस अंशांच्या घरात काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून धुळे-नंदुरबारच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावे, रसायनाची नळी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये आणि रसायन भरण्यापूर्वी बोल्ट हाताशी ठेवावा. पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत नट आवळू नये, आणि डबे परत भरताना जड डबे खालच्या फळीवर, भिंतीला लागून ठेवावेत.