नवा जॅक घेण्याआधी आतली हवा काढून पाहावी

गळीत हंगामात वाळवा, मिरज भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीचे चाक बदलताना बाटली जॅकचा (बाटलीच्या आकाराच्या, तेलाच्या दाबाने वजन उचलणाऱ्या जॅकचा) दांडा हलका लागतो आणि दट्ट्या धक्के खात वर येतो, तेव्हा तेलात हवा शिरलेली असण्याची शक्यता मोठी असते. तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते.

जॅकवर कोणतेही वजन नसताना तो सपाट जागी उभा ठेवावा, दाब सोडणाऱ्या झडपेचा स्क्रू डावीकडे फिरवून सैल करावा आणि दट्ट्या पूर्ण खाली बसवावा. झडप उघडीच ठेवून दांडा १० ते १५ वेळा भराभर मारावा. नंतर बाजूचे रबरी बूच काढावे. तेल छिद्राच्या खालच्या कडेला टेकलेले दिसले पाहिजे. कमी असल्यास हायड्रॉलिक तेलच घालावे, कारण हाताशी असलेले ब्रेक ऑइल घातल्यास आतील रबरी सील फुगून खराब होतात, आणि ही चूक फार वेळा होते. बूच लावून, झडप घट्ट करून जॅक आधी वजनाशिवाय वर चढवून पाहावा.

त्यानंतरही वजनाखाली तो हळूहळू बसत असेल, तर सील किंवा झडप झिजलेली असते व तो दुरुस्तीलाच द्यावा. जॅक कितीही चांगला असो, भक्कम लाकडी ठोकळे लावल्याशिवाय ट्रॉलीखाली शिरू नये.