चहात भिजवलेल्या मनुकांचा बार्मब्रॅक

आयर्लंडमध्ये हॅलोविनला कापतात तो बार्मब्रॅक, म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव, मुळात यीस्टचा. हा त्याचा बिनयीस्टचा, घरी सहज जमणारा प्रकार.

350 ग्रॅम बेदाणे व काळ्या मनुका आणि 150 ग्रॅम ब्राउन शुगर 300 मिली कडक, गरम, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवा. उरलेला चहा ओतून देऊ नका. पिठाला लागणारा ओलावा तोच. घाई करून गरम चहात अंडं फोडलं तर ते शिजून गुठळ्या होतात.

सकाळी त्यात फेटलेलं 1 अंडं घाला. 250 ग्रॅम मैदा, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, 1 चमचा दालचिनी-जायफळ पूड आणि चिमूटभर मीठ चाळून घाला. कोरडं पीठ दिसेनासं होताच थांबा. जास्त घोटलं की ब्रॅक चिवट होतो. मिश्रण घट्टसरच हवं, पातळ झालं तर मनुका तळाशी बसतात.

बटरपेपर लावलेल्या लोफ टिनमध्ये 170 अंशांवर 60 ते 70 मिनिटं भाजा. साखरेमुळे वरचा भाग लवकर काळवंडतो, म्हणून 40 मिनिटांनी फॉइल झाका. मध्ये खुपसलेली सळई कोरडी निघायला हवी.

परंपरेप्रमाणे आत अंगठी घालायची असेल (ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं लग्न लवकर होतं, असं मानतात) तर कागदात गुंडाळून घाला, आणि खाणाऱ्यांना आधी सांगा! ब्रॅक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, लोणी सढळ हाताने लावून.