संक्रांतीचा गूळ : कुठे पाक, कुठे खडा, कुठे नुसता रस

सूर्य मकरेत जातो तो दिवस 14 जानेवारी, काही वर्षी 15. नवा गूळ, नवे तीळ, नवा तांदूळ घरात आलेला असतो, त्यामुळे प्रांत कुठलाही असो, सामान थोडंफार तेच. गुळाला कोण कसं वागवतं यात मात्र खरी गंमत आहे, आणि पदार्थ बिघडतो तोही बहुतेक तिथेच.

आपला तिळाचा लाडू पाकावर उभा असतो. पाव किलो बिनपॉलिशचे तीळ, तेवढाच चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दोन चमचे तूप, वेलची. तीळ मंद आचेवर तडतडून फुगेपर्यंत भाजा आणि लगेच ताटात काढा. तापलेल्या कढईत राहिले की करपून कडू होतात. तूप-गूळ वितळून फेस आला की वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाका. पसरला तर पाक कच्चा, लाडू बसके होणार. बोटांनी मऊ गोळी वळली की गॅस बंद. गोळी वाटीवर टण्णकन वाजली तर तो चिक्कीचा पाक झाला, त्याचे लाडू दात पाडतात. अशा वेळी दोन चमचे पाणी घालून पाक पुन्हा मंद आचेवर सैल करा. तीळ घातल्यावर वेळ दवडू नका, हाताला तूप लावून गरम असतानाच वळा. मध्येच घट्ट झालं तर कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा.

गूळपोळीला मात्र चिक्कीचा गूळ चालत नाही, पोळी कडक होते. साधा मऊ गूळ किसून घ्या, त्यात तेलावर खमंग भाजलेलं बेसन आणि तिळाचं कूट मळा. सारण आणि कणीक सारख्याच मऊपणाची हवी. सारण सैल झालं की गूळ तव्यावर ओघळलाच म्हणून समजा.

कन्नड घरांतल्या एळ्ळु-बेल्ल या तीळ-गुळाच्या कोरड्या मिश्रणात गूळ आचेवर जातच नाही. त्यासाठी गुळाचे नि सुक्या खोबऱ्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. खोबऱ्याची तपकिरी पाठ आधी खरवडून टाकतात. दाणे भाजून, सोलून, अर्धे करून घ्यायचे. दाणे, डाळं, खोबरं, गूळ एकेक वाटी आणि भाजलेले पांढरे तीळ अर्धी वाटी. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिसळा, नाहीतर गुळाला पाणी सुटून गोळा होतो. उसाचं कांडं, केळं आणि साच्यात पाडलेल्या साखरेच्या आकृत्या यांच्यासोबत ते घरोघर वाटतात.

तमिळ पोंगलात भांड्यातलं दूध उतू जाणं हा मान, म्हणून भांडं लहान घ्यावं. प्रेशर कुकरमध्ये ही मजा नाही. वाटीभर तांदूळ, पाव वाटी भाजलेली मूगडाळ, पाच वाट्या दूध-पाणी. भात बोटाने चुरडेल इतका शिजल्यावरच दीड वाटी गूळ घालायचा, कारण गूळ पडला की तांदूळ पुढे शिजत नाही. गूळ आधी अर्धी वाटी पाण्यात वितळवून गाळा. तळाशी खडे-कचरा दिसेलच. आच अगदी मंद ठेवा, उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. बंगाली घरांतही पिठा (तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ) आणि पायस (खीर) यांच्या दुधात खजुराचा नोलेन गूळ गॅस बंद करूनच घालतात; फार उकळला तर त्याचा धुरकट वास उडून जातो.

पंजाबात गूळ व्हायच्या आधीचा रसच वापरतात. 13 तारखेला लोहडी पेटते, त्या रात्री उसाच्या रसाची खीर शिजवून दुसऱ्या दिवशी माघीला, म्हणजे तिथल्या संक्रांतीला, गारच खायची, सोबत दही. दोन लिटर ताजा रस गाळून उकळा, वर येणारी मळी झाऱ्याने पुन्हा पुन्हा काढा. ती राहिली तर खीर काळपट आणि उग्र होते. मग धुतलेला वाटीभर तांदूळ घालून दीड-दोन तास मंद आचेवर हलवत राहा. साखर नको, दूधही नको. गार झाल्यावर खीर बरीच आळते, म्हणून पळीवरून सहज ओघळते तेव्हाच उतरवा.