डीएस३२३१ घड्याळातील वेळ वाचण्याची आणि साठवण्याची पद्धत

कांद्याच्या चाळीतले तापमान दर दहा मिनिटांनी टिपणारे यंत्र मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपवरच्या छोट्या संगणकावर) बांधायचे असेल, तर तापमापकाइतकीच काळजी घड्याळाची घ्यावी लागते. वेळ नसलेली नोंद निदान बाजूला तरी काढता येते. चुकीच्या वेळेची नोंद मात्र खरी समजून वापरली जाते. या कामासाठी डीएस३२३१ ही चिप मला सर्वांत भरवशाची वाटते. क्रिस्टल आणि तापमानानुसार दुरुस्ती करण्याची सोय तिच्या आतच असल्यामुळे ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक दहा लाखांत २ भाग, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट, एवढीच राहते.

आय-टू-सी वाहिनीवर, म्हणजे चिप एकमेकींना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर, तिचा पत्ता हेक्स (सोळा-आधारी) ६८ आहे. सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष यांची सात रजिस्टरे (चिपमधले एकेका बाइटाचे कप्पे) ओळीने मांडलेली असतात, पण ती एकेक करून वाचू नयेत. १० वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद झालेले असताना आपण आधी तास वाचला आणि मिनिट वाचेपर्यंत सेकंद पुढे सरकला, तर हाती १० वाजून ० मिनिटे येतात आणि नोंद तासभर मागे पडते. सातही बाइट एकाच वाचनात मागितले, तर चिप वाचन सुरू होतानाची वेळ वेगळी धरून ठेवते आणि तीच पूर्ण देते.

मिळालेले आकडे बीसीडी पद्धतीचे, म्हणजे दशमान संख्येचा प्रत्येक अंक वेगळ्या बिटांत ठेवणारे, असतात: वरच्या बिटांत दशक, खालच्या चार बिटांत एकक. ५९ सेकंद तसेच छापले तर ८९ दिसतात. पडद्यावर ९ नंतर एकदम १६ आले, तर रूपांतर करायचे राहून गेले आहे असे समजावे. महिन्याच्या रजिस्टरमधला सर्वांत वरचा बिट शतकाचा असतो; तो आधी वेगळा काढावा.

वेळ वापरण्यापूर्वी हेक्स ०एफ या स्थिती-रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट तपासावा. तो १ असेल, तर घड्याळ मध्ये कधीतरी थांबले होते, बहुधा सेल संपल्यामुळे, आणि आता दिसणारी वेळ कितीही सुसंगत वाटली तरी ती ग्राह्य धरू नये. घड्याळ पुन्हा लावल्यानंतरच तो बिट ० करावा. सेलबद्दल एक इशारा येथेच देतो: बाजारातल्या काही तयार मॉड्यूलवर चार्जिंगचे सर्किट असते, आणि सीआर२०३२ सेल चार्ज करण्यासाठी बनवलेला नसतो. असा सेल वापरायचा असल्यास त्या सर्किटमधला डायोड किंवा रेझिस्टर आधी काढून टाकावा.

घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर, लावावे आणि १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद चिन्हरहित ३२ बिटी संख्येत साठवावेत. चिन्हासहित संख्या घेतली, तर ती १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडते. भारतीय वेळेसाठी लागणारे १९,८०० सेकंद फक्त दाखवताना मिळवावेत. हा हिशेब करताना माझी एक चूक झाली होती. माझ्या नोंदी रोज दुपारी साडेतीनपर्यंत बरोबर असत आणि त्यानंतर १८ तास १२ मिनिटे १६ सेकंद मागे जात. तास गुणिले ३६०० हा गुणाकार मी १६ बिटी संख्येत केला होता. यूटीसीचे १० वाजले की ३६,००० हा आकडा ३२,७६७ च्या मर्यादेपलीकडे जाई आणि उत्तरातून नेमके ६५,५३६ वजा होत. गुणाकारापूर्वीच तासाचा आकडा ३२ बिटी केल्यावर दोष गेला.

साठवणीसाठी मॉड्यूलवर बहुधा ४,०९६ बाइटांची ईईपीरॉम (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी स्मृती), म्हणजे एटी२४सी३२, असते. तिचे पान, म्हणजे एका वेळी लिहिता येणारा गट, ३२ बाइटांचे असते आणि एका लेखनात पानाची हद्द ओलांडली, तर उरलेले बाइट त्याच पानाच्या सुरुवातीला लिहिले जाऊन जुनी नोंद पुसतात. म्हणून नोंद ३२ ला पूर्ण भाग जाईल अशी ८ बाइटांची ठेवावी: वेळेचे ४, तापमानाचे २, घड्याळ ग्राह्य होते की नाही याच्या खुणेचा १ आणि तपासणी-बेरजेचा (आधीच्या बाइटांची बेरीज, नोंद शाबूत आहे का हे पाहण्यासाठी) १. अशा ५१२ नोंदी मावतात, म्हणजे साडेतीन दिवसांच्या. त्याहून जास्त हव्या असतील तर एसडी कार्ड जोडावे. तपासणी-बेरीज सर्वांत शेवटी लिहावी, म्हणजे लिहिताना वीज गेली तर अर्धवट नोंद ओळखता येते.

यंत्र चाळीत बसवण्यापूर्वी घड्याळ ३१ डिसेंबर २३:५९:५० आणि ०९:५९:५० या दोन्ही वेळांवर लावून, पुढची २० सेकंदे दर सेकंदाची नोंद घेऊन ती ओळीने वाचावी.