तीन इंची पिल्लू आणि बारा हजार लिटर पाणी

इचलकरंजीत आमच्या जुन्या शेडमध्ये पूर्वी आठ माग चालायचे. माग विकले, शेड रिकामी पडली आणि आता तिथं एक मासा राहतो. रेडटेल कॅटफिश. हौशी मंडळी त्याला ‘आरटीसी’ म्हणतात, माझी मुलगी ‘भाऊराव’ म्हणते. मूळचा ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला. काळपट पाठ, कुशीला पांढरा पट्टा, शेपटी पिकल्या मिरचीसारखी. लांबी तीन फुटांच्या वर गेलीय. वजन करायची माझी हिंमत नाही.

आणला तेव्हा तीन इंचांचा होता. दुकानदार म्हणाला, “टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो.” हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. मासा टाकी बघून वाढत नाही. लहान टाकीत तो आपल्याच घाणीत कुढतो, पाठीत वाकडा होतो आणि मरतो. नीट राहिला तर वर्षात दीड फूट होतो आणि पुढं पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणून माझा एकच आग्रह आहे : आधी हौद बांधा, पाणी तयार करा, मग पिल्लू आणा. मी उलट केलं आणि पहिली दोन वर्षं गवंड्याच्या मागं धावण्यात घालवली.

हौदाचं आधी वजन मोजा. माझा हौद आतून १४ बाय ९ फूट, पाणी साडेतीन फूट. म्हणजे ४४१ घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरा, साडेबारा हजार लिटर होतात. साडेबारा टन. चौरस मीटरला हजार किलोच्या वर भार पडतो आणि राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशोबानं बांधलेला असतो. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, गच्ची, बाल्कनी हे विषय बंद. तळमजला, तोही जमिनीवर टेकलेला. माझी फरशी मागांचा दणका सोसलेली होती, तरी खाली नवीन पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, घातलंच.

लांबीपेक्षा रुंदीकडं बघा. तीन-चार फुटी माशाला अंग न घासता वळता आलं पाहिजे, त्यामुळं सहा फुटांच्या आत रुंदी नकोच. कोपरे काटकोनात ठेवू नका, गवंड्याला वाटा मारून गोल करायला सांगा. तळाला उतार आणि सर्वात खोल जागी चार इंची पाइप. हा पाइप विसरलात तर पुढची पंधरा वर्षं बादलीनं घाण काढायची. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतो तसला इपॉक्सी थर द्या आणि हौद चार-पाच वेळा भरून सोडा. पीएच आठच्या खाली आल्याशिवाय मासा नाही. पैसे कमी असतील तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागदही चालतो, फक्त घड्यांत घाण साचते.

आता फिल्टर. खरं सांगायचं तर हा छंद मासे पाळण्याचा नाहीच, घाण हाताळण्याचा आहे. एवढा मांसाहारी प्राणी एकदा खातो आणि त्याचं अमोनिया पाण्यात उतरतं. ते खाणारे जिवाणू आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला विषारी, तिसरं पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, घाई करून उपयोग नाही. माझ्याकडं २०० लिटरची तीन निळी पिंपं आहेत. पहिल्यात स्पंज, तो गाळ धरतो. उरलेल्या दोन्हींत भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या, किलोवर घेतलेल्या. जिवाणू बसायला दुकानात मिळणारं महागडं मीडियाही वापरून पाहिलं, फरक मला तरी दिसला नाही. स्पंज धुवायचा तो हौदाच्याच पाण्यात. नळाच्या पाण्यात धुतलात तर जिवाणू मेले समजा.

पंप दोन ठेवा, एक मोठा नको. एक जळाला तरी दुसरा रात्र काढतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी टिकतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते, म्हणून हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवाच.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो, तीन हजार लिटर. ते नारळाला जातं आणि नारळ खूश आहेत. नवीन पाणी मात्र तपासून घ्या. एकदा पावसाळ्यात थोरल्या भावानं, चांगल्याच हेतूनं, वरच्या टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली आणि मला सांगायचं राहून गेलं. मी पाणी सोडलं. दहा मिनिटांत भाऊराव पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागला, कल्ले फडफडत होते. क्लोरीन मारणारा हायपो टाकून आणि हवा वाढवून वाचवला. तेव्हापासून ग्रामपंचायतीत वापरतात ती ओटी टेस्टची बाटली शेडमध्ये टांगलेली आहे. थेंब टाकून पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

तळ मोकळा ठेवा. वाळू, खडे, शोभेची झाडं काही नको. त्याच्या तोंडात मावेल ते तो गिळतो आणि त्याचं तोंड तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोठं असतं. एका सकाळी पाहिलं तर ओठांतून हवेची निळी नळी लोंबत होती, सातवी मिशी असावी तशी. नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगडी एअरस्टोन आत गेलेला. ओढावंसं वाटलं, पण नळी कापली आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी त्यानं तो तळाला ओकून टाकला, वर बुळबुळीत थर. काचेचा हीटर असता तर? थंडीत पाणी २० अंशांच्या खाली जात असेल तर हीटर फिल्टरच्या पिंपात बसवा, हौदात नाही. मला २४ ते २७ अंश बरे वाटतात.

खाणं हा सर्वांचा आवडता विषय आणि सर्वांची चूकही तिथंच. जिवंत गोल्डफिश सोडून व्हिडिओ काढायचे नाहीत. त्यातून रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये ब-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो. कोंबडी-मटणाची चरबी त्याला पचत नाही. मी चिलापी आणतो, आतडी आणि काटेरी पर काढून तुकडे करतो, सोबत बुडणाऱ्या गोळ्या. लहान असताना रोज थोडं, आता आठवड्यातून दोनदा. तुकडा तळाला टेकला की आधी मिश्या येतात. त्या हळूच चाचपतात, एखादी म्हातारी बाजारात वांगं चाचपते तशा. मग ‘भप्’ असा आवाज, तुकडा गायब, पाण्यावर एक भोवरा. रविवारी गल्लीतली पोरं एवढ्यासाठी येतात.

सोबती म्हणून काही सोडू नका. त्याच्या निम्म्या लांबीचा मासा म्हणजे उद्याचं जेवण. कुणी मांगूर सुचवलं तर आफ्रिकन मांगूरवर आपल्याकडं बंदी आहे हे ध्यानात ठेवा. जागा कमी असेल तर पिक्टस नावाचा छोटा कॅटफिश घ्या, चार-पाच इंचांत थांबतो आणि मिश्यांची हौस भागते.

औषध करताना जपून. अंगावर खवले नसल्यामुळं तांबं किंवा हिरव्या मॅलाकाइटची औषधं त्याला लवकर लागतात, मी निम्म्या मात्रेनं सुरुवात करतो. हलवायचा झाला तर जाळं वापरू नका, छातीच्या परांचे करवतीसारखे काटे अडकतात आणि मासा स्वतःलाच फाडतो. ओली ताडपत्री खाली सारा, चौघांनी चार कोपरे धरा, पाण्यासकट उचला.

आणि झेपलं नाही तर नदी-धरणात सोडायचा नाही. उजनीत शोभेच्या टाक्यांतला सकर मासा कसा पसरला आणि जाळी कशी फाडतो, हे तिथल्या मच्छीमारांना विचारा. विकत घेण्याआधीच परत घेणारा शोधून ठेवा. मोठे झालेले मासे दुकानं सहसा घेत नाहीत.

आम्ही लग्नाला वगैरे आठ-दहा दिवस गावाला गेलो की किल्ली शेजारच्या काकूंकडं असते. मोठा मासा तेवढे दिवस उपाशी आरामात राहतो. दारावर खडूनं दोनच ओळी लिहिल्यात : ‘पाण्याचा आवाज येतोय का ते ऐका. खायला घालू नका.’ काकू तरीही एकदा चपाती टाकून गेल्या होत्या. ती मला स्पंजात सापडली.